काळीपाच मास्तर

काळीपाच मास्तरांशी पाच मिनिटं बोलून ज्याच्या डोक्याला ताप झाला नाही, असा माणूस घाटंजीत मला तरी सापडलेला नाही. पेटीवर एका सप्तकात पाच काळ्या पट्ट्या असतात. त्यातली शेवटची, ती काळी पाच. मास्तरांचं क्लॅरोनेट त्या सुराचं, म्हणून त्यांची बँडपार्टी त्या सुरात, आणि म्हणून सगळं जग त्याच सुरात वाजायला हवं अशी त्यांची ठाम समजूत होती. एसटीचा हॉर्न ऐकला की ते मान वाकडी करून म्हणायचे, "काळी पाचच हाय, थोडा उतरला." कुणाच्या कुकरची शिट्टीसुद्धा त्यांनी तपासल्याशिवाय सोडली नाही. त्यांचं खरं नाव मशिदीमागच्या गल्लीत चारदोन म्हाताऱ्यांना ठाऊक असेल. बाकी गावाला ते काळीपाच मास्तर.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना हा माणूस माझ्या वाट्याला आला. त्या वर्षी आमच्या कॉलेजने युवक महोत्सवात पाश्चात्य समूहगानात उतरायचं ठरवलं होतं. या प्रकारात तालुक्याच्या गावांतून कुणी जात नाही, तेव्हा आपला नंबर लागायला फारसं काही करावं लागणार नाही, असा आमच्या प्राचार्यांचा सरळ हिशोब. इंग्रजी गाणं बसवणार कोण, हा प्रश्न होता. प्राचार्यांच्या लग्नात मास्तरांनी क्लॅरोनेटवर एक इंग्रजी गाणं वाजवलं होतं म्हणे. तेवढ्या पुण्याईवर मास्तरांना बोलावणं गेलं आणि ते पहिल्या दिवशी बँडचा लाल कोट घालून, खांद्यावर सोनेरी झालरींसकट, कॉलेजच्या फाटकातून आत आले. रखवालदाराने विचारलं, लग्न कुणाचं आहे?

सांस्कृतिक विभागाच्या मॅडम अमरावतीच्या. त्यांनी मोबाइलवर एक जुनं परदेशी गाणं शोधून काढलं होतं. वाद्य नाही, ठेका नाही, नुसते चार गळे. एक जण गाणं म्हणतो आणि बाकीचे तोंडानेच बाजा वाजवतात, डुम-डुबी-डुम, शू-वा, शू-वा. या प्रकाराला डू-वॉप म्हणतात असं मॅडमनी सांगितलं. गाणं मोठं खुशीचं होतं, ऐकता ऐकता पाय हलायला लागायचा. मॅडमनी वही उघडली आणि विचारलं, "मास्तर, आपण टेम्पो काय ठेवायचा?"

मास्तर म्हणाले, "टेम्पो कायले मॅडम? चौघंच त जन हाय. ऑटोत बसते."

मॅडमना कळेना हसावं की काय करावं. त्यांनी पुढचा प्रश्न केला, "बरं, आणि की कोणती?"

"चाबी ऑटोवाल्यापाशीच राह्यते."

मॅडम हताश होऊन म्हणाल्या, "मास्तर, मूड! गाण्याचा मूड!" त्यावर मास्तर हात जोडून अदबीने म्हणाले, "मूड एकदम बढिया हाय मॅडम. तुमचा?" बँडवाल्यांच्या जगात टेम्पो म्हणजे ज्यातून ढोल-ताशे गावोगाव जातात तो टेम्पो. लयीला त्यांच्याकडे 'चाल' म्हणतात. हे मॅडमना समजावून सांगायला मास्तरांची मुलगी शबाना मध्ये पडली, तेव्हा कुठे तालमीला सुरुवात झाली.

आम्ही चौघं होतो. गाणं म्हणणारी मी. वरच्या सुरात 'ऊऊ' करणारी शबाना, जी माझ्याच वर्गात होती. 'शू-वा' म्हणणारा विशाल आणि तांड्यावरून सायकलने येणारा गोपाल. गोपालचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, त्यामुळे 'डुम-डुम' त्याच्याकडे. माझा आवाज जाड. काळी दोनमध्ये मी मजेत गाते. काळी पाचमध्ये गाणं वर चढलं की माझा गळा फाटायला येतो. हे मी मास्तरांना पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आठवडाभर सांगत राहिले.

"मास्तर, थोडं खाली घ्या ना. मले नाई झेपत."

"झेपन बेटा. गळ्याले सांग, हे काळी पाच हाय, दुसरी पट्टी दुकानात मिळत नाई."

शेवटी मॅडमनी तंबी दिली, तेव्हा मास्तर काळी तीनवर राजी झाले. राजी झाले म्हणजे तोंडाने. गाणं सुरू करायच्या आधी सूर द्यायला ते क्लॅरोनेट ओठाला लावायचे आणि त्यातून काय निघायचं? काळी पाच. मी डोळे वटारले की म्हणायचे, "तोंडानं काळी तीन म्हनलो मी. बाज्यानं नाई म्हनलं." अशा माणसापुढे कपाळावर हात मारण्यापलीकडे काय करणार? मी दोन्ही हात मारून घ्यायची.

पट्टीचं एक वेळ परवडलं, पण चाल! मास्तरांना हळू हा प्रकारच माहीत नव्हता. गाणं सुरू व्हायचं ठीक, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही धापा टाकत पळत असायचो. ते समोर उभे राहून चुटक्या वाजवायचे आणि प्रत्येक चुटकी आधीच्या चुटकीच्या मागे लागलेली. मी एकदा गाणं अर्ध्यात सोडून त्यांच्यावर ओरडले. तेव्हा त्यांनी शांतपणे आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. "बेटा, वरात थांबली का भांडन सुरू." कधीतरी ढाणकीकडच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाने हौसेने संथ, दर्दभरं गाणं लावायला सांगितलं होतं. वरात चौकात रेंगाळली. रेंगाळलेल्या माणसांना जुने मानपान आठवले. मामा आणि घरचा थोरला जावई यांच्यात जुंपली, आणि त्या गडबडीत कुणीतरी मास्तरांचं क्लॅरोनेट हिसकून जावयाच्या डोक्यात घातलं. "तवापासून मी चाल कमी केलीच नाई. मानूस पळून राह्यला त भांडत नाई." मी म्हटलं, "मास्तर, आम्ही स्टेजवर एका जागी उभे राहणार आहोत. कोण कोणाशी भांडणार?" ते म्हणाले, "तू भांडूनच राह्यली न आता? चाल कमी कर म्हनली आन् भांडन सुरू झालं."

तिसरी गोष्ट, गाणं संपवणं. वरातीत गाणं संपत नसतं. नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत ते वाजत राहतं. शेवट जवळ आला आणि नवरदेव अजून घोड्यावरच असला, तर मास्तर उजव्या हाताचं बोट हवेत गोल फिरवायचे. त्याला ते 'पलटी' म्हणत. पलटी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तालमीतही तेच. आम्ही शेवटच्या 'शू-वा'ला आलो, सुटलो एकदाचे असं वाटलं, की यांचं बोट वर. मग आणखी एकदा, मग आणखी एकदा. गोपाल बिचारा पुढे पुढे बोटाच्या नुसत्या हालचालीवर डुम-डुम सुरू करायला लागला. एकदा मास्तरांनी माशी हाकलली तरी त्याने सुरू केलं.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण आम्ही हसत नव्हतो, कारण या गाण्यावर काय टांगलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. डीजे आल्यापासून मास्तरांची पार्टी बसली होती. ताशावाला पुसदला भाजी विकायला लागला, ढोलवाला डीजेच्याच गाडीवर स्पीकरचे डबे उचलायला गेला. प्राचार्यांनी मास्तरांना शब्द दिला होता की महोत्सवात कुठलंही बक्षीस आणा, पुढच्या वर्षीपासून संगीताचे सर म्हणून तासिका तत्त्वावर घेतो. पैसा त्यात फार नव्हता. पण मास्तरांच्या कानात एकच शब्द शिरला होता. सर. जन्मभर लोकांनी त्यांना "ए बाजावाले" म्हणून हाक मारली होती, फार तर मास्तर. त्यांनी लाल कोट पेटीत ठेवला, पांढरा सदरा शिवून घेतला आणि त्याच्या खिशाला पेन लावलं. त्या पेनाने त्यांना एक अक्षर लिहिताना मी पाहिलं नाही.

घरी शबानाच्या अम्मीला, आमच्या चाचींना, तर चेष्टेला विषयच मिळाला. शबाना येऊन सांगायची, "अम्मी म्हनते, सर, दळन आना. सर, नळ आला." मास्तर वरकरणी चिडायचे, पण दळण आणायला पहिल्यापेक्षा लवकर उठायचे. स्टाफरूममध्ये मॅडम त्यांना बसा म्हणायच्या, तर हे दारातच उभे. "सर झालो का बसतो," म्हणायचे. मला त्यांचा इतका राग यायचा, आणि हे ऐकलं की तो कुठे ठेवू ते कळायचं नाही. एवढं सगळं पाहिजे आहे, तर माणसा, थोडी चाल कमी कर ना! पण पालथ्या घड्यावर पाणी.

एका दुपारी तालीम चालू असताना रस्त्यावरून डीजेची गाडी गेली. खिडकीची तावदानं थरथरली, आमचं गाणं आम्हालाच ऐकू येईना. गाडीच्या मागे त्यांचाच जुना ढोलवाला उभा होता. त्याने मास्तरांना पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मास्तरांनी खिडकीतून वाकून ठेका ऐकला. मग वळून म्हणाले, "चाल बरोबर हाय त्याची. चला, आपून घेऊ. दात दाखवा सगळे. खुशीचं गानं हाय, सुतकातल्यावानी तोंडं नोको." आणि चुटक्या सुरू केल्या, त्या दिवशी तर अशा, की आम्हाला शब्दही तोंडात मावेनात.

महोत्सव यवतमाळला होता. मी आदल्या दिवशी मास्तरांना समोर बसवून, लहान मुलाला सांगतात तसं सगळं सांगितलं. स्टेजसमोर दिवा असतो. पिवळा लागला की वेळ संपत आली. लाल लागला की संपली. लालनंतर एक सूर जरी निघाला तरी बाद. पलटी करायची नाही. बोट खिशात ठेवायचं. "समजलं का मास्तर?" मास्तर म्हणाले, "समजलं. लाल म्हंजे नवरदेव उतरला." मला वाटलं, चला, त्यांच्या भाषेत का होईना, पण शिरलं डोक्यात.

स्टेजवर आम्ही उभे राहिलो, मास्तर बाजूच्या पडद्याआड. सूर काळी पाच मिळाला, हे सांगायला नकोच. पण काय झालं कुणास ठाऊक, त्या दिवशी माझा गळा वर गेला. फाटला नाही. चाल पळत होती आणि आम्ही तिच्याबरोबर पळत होतो, कुणी मागे राहिलं नाही. पहिल्या कडव्यात लोक चुटक्या वाजवायला लागले, दुसऱ्यात टाळ्या. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. परीक्षकांतल्या एक बाई मान डोलवत होत्या. पहिल्या रांगेच्या कडेला चहा वाटणारी एक म्हातारी बाई होती, नऊवारी लुगड्यातली. तिने केटली खाली ठेवली आणि तिथेच, खुर्च्यांच्या मधल्या वाटेत, पदर खोचून नाचायला लागली. सगळा हॉल तिच्याकडे पाहून आणखी पेटला. आम्ही शेवटाला आलो. पिवळा दिवा लागलेला होता. मी मनात म्हटलं, झालं, जिंकलो, मास्तर सर झाले. आणि पडद्याआडून बोट वर आलं. गोल फिरलं.

गोपालचं डुम-डुम सुरूही झालं होतं. त्या बोटामागे पळायची आम्हाला सवयच इतकी लागली होती, की कळायच्या आत मी पहिल्या ओळीवर होते. समोर लाल दिवा लागला. मी गाता गाता पडद्याकडे पाहिलं, भुवयांनी, मानेने, जमेल तशा खुणा केल्या. मास्तर हसत होते आणि बोट फिरवत होते. कितीदा फिरलं ते मला आठवत नाही. शेवटी संयोजकांनी माईक बंद केला. गळ्यांनाच बाजा मानणाऱ्या गाण्याला माईक बंद झाल्याचा काय फरक पडतो? ती चहावाली बाई दमून खाली बसली, तेव्हा मास्तरांनी बोट खाली घेतलं.

निकालात आमचं नाव घेतलं, आणि पुढे म्हटलं, वेळेचं बंधन न पाळल्यामुळे बाद. मास्तरांनी माझ्याकडे वाकून विचारलं, "बाद म्हंजे कितवा नंबर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉलच्या बाहेर, कडुनिंबाखाली, सगळ्यांच्या देखत मी त्यांना नाही नाही ते बोलले. "तुमची नोकरी होती मास्तर ती! आमचं काय गेलं? तुम्ही सर होणार होते! लाल दिवा सांगितला होता मी तुमाले!"

मास्तर म्हणाले, "मालूम हाय बेटा. लाल दिवा मीबी पाह्यला."

"पाह्यला? मंग बोट काहून फिरवलं?"

"ते बाई नाचून राह्यली होती न." त्यांनी हे असं सांगितलं, जणू पाऊस पडत होता म्हणून छत्री उघडली. "केटली खाली ठेवून नाचून राह्यली होती. कवा नाचली असन ते त्याच्या आंधी? नाचत्या मानसासमोर बाजा बंद नसतो करत. लय पाप लागते."

मला रडू फुटलं. रागाचं होतं ते, निव्वळ रागाचं. एका अनोळखी चहावालीसाठी माणसाने स्वतःची खुर्ची लाथाडावी, आणि वर पापपुण्याच्या गोष्टी सांगाव्यात! शबाना रडली नाही. ती बापाला ओळखून होती. परतीच्या एसटीत मास्तरांनी सगळ्यांना चिवडा वाटला. मी घेतला नाही, तर माझ्या ओढणीवर कागदात ठेवून गेले.

प्राचार्य म्हणाले, नियम म्हणजे नियम, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी समूहगानच काढून टाकलं. घरी काय झालं ते मला शबानानेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचींनी नेहमीसारखी हाक मारली, पण त्या हाकेत सर नव्हतं. "अजी, दळन आना," एवढंच. मास्तर पिशवी घेऊन गेले. त्यानंतर मी दोनतीन वेळा त्या गल्लीतून गेले, पण त्यांच्या घरात गेले नाही. काय बोलणार होते? पुन्हा भांडणच झालं असतं.

मी पुढे संगीतात एम.ए. केलं. एम.ए. करताना मोठमोठ्या गुरूंनी मला लय म्हणजे काय ते शिकवलं. सगळे म्हणायचे, तुम्ही पळता फार. एकाने तर विचारलं, तुमच्या मागे कोण लागलंय? काय सांगणार, मागे नव्हे, समोर उभं राहून चुटक्या वाजवणारा एक माणूस आहे म्हणून? आजही वर्गात पोरं गायला लागली की माझा हात चुटकीला जातो आणि मी तो दुसऱ्या हाताने धरते. स्वतःवरच चिडते.

कारण वर्ग आता माझा आहे. आमच्याच कॉलेजात, संगीताला, तासिका तत्त्वावर. मास्तरांना जी मिळायची होती तीच ही जागा. नेमणूक झाली त्या दिवशी मला आनंद झाला आणि त्या आनंदाला कुठेतरी खडा लागत राहिला. मास्तरांना कळवावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. शबाना लग्न होऊन आदिलाबादला गेली होती. चाची वारल्यावर तिने बापालाही तिकडे न्यायचं ठरवलं, हे मला बाजारात कुणाकडून तरी समजलं.

जायच्या दिवशी मास्तर स्वतःच कॉलेजात आले. माझा तास चालू होता. दारात येऊन त्यांनी चप्पल बाहेर काढली, आणि आत न येता उंबऱ्याशीच उभे राहिले. फार वाळले होते. म्हणाले, "मॅडम, येऊ का? चाललो मी. गाडीले टाइम हाय थोडा." मला मॅडम म्हणत होते. या माणसाने माझा गळा फाडला, मला भर महोत्सवात बाद केलं, आणि आता मला मॅडम म्हणत होता! मी म्हटलं, "मास्तर, मॅडम काय म्हनता? आत या. बसा." ते म्हणाले, "नाई नाई, तुमी चालू द्या. पोरायचा तास हाय."

तेव्हा मला राहवलं नाही. मी पोरांकडे वळले आणि म्हटलं, "सगळे उभे राहा. आपले सर आले."

पोरं खडाखड उठली. बाकं वाजली. मास्तर दचकले, घाईघाईने दारातून बाजूला सरकले, भिंतीला लागून उभे राहिले, आणि येणाऱ्या सरांना वाट करून देत व्हरांड्याकडे पाहू लागले.